‘उबी’ कसा वाचायचा: ‘कुठे’, ‘जिथे’ की ‘जेव्हा’? लॅटिनच्या नवशिक्यांसाठी

लॅटिन शिकायला घेतले की पहिल्या पाठातच ‘उबी’ भेटतो. समोर अर्थ दिलेला असतो ‘कुठे’. तेवढा पाठ होतो, ‘उबी एस्त रोमा?’ म्हणजे ‘रोम कुठे आहे?’ हे जमते, आणि सगळे सुरळीत चालले आहे असे वाटू लागते. मग सीझरने लिहिलेला युद्धवृत्तांत उघडावा, तर पानागणिक ‘उबी’ येतो आणि ‘कुठे’ काही केल्या बसत नाही.

अडचण अशी की आपल्यापैकी बहुतेक जण लॅटिन इंग्रजी पुस्तकांतून शिकतात. लॅटिन शब्द आधी इंग्रजीत जातो, तिथून मराठीत येतो, आणि या वळशात बरेच काही सांडते. ‘उबी’च्या बाबतीत हा वळसा घेण्याचे कारणच नाही. ‘जिथे-तिथे’, ‘आला की’, ‘कळताच’ ही आपली रोजची बोलणी लॅटिनच्या जास्त जवळ आहेत. एका ठिकाणी मात्र मराठीच आपल्याला फसवते. ते दुसऱ्या टप्प्यात येईल.

हा लेख स्वतःच्या हिमतीवर लॅटिन वाचणाऱ्यांसाठी आहे. लॉ कॉलेजात सूत्रे घोकणाऱ्यांना आणि प्रबंधाच्या तळटिपांशी झगडणाऱ्यांनाही उपयोगी पडावा.

आधी जवळ काय हवे

- एक चांगला कोश. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा लॅटिन-इंग्रजी कोश जुना असला तरी भरवशाचा आहे आणि ‘पर्सिअस’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. खिशातले छोटे कोश या शब्दासाठी कुचकामी; त्यांत दोन अर्थ देऊन मोकळे होतात.
- क्रियापदांच्या रूपांचा तक्ता, विशेषतः परफेक्ट (क्रिया पुरी झाल्याचे सांगणारे रूप), फ्यूचर परफेक्ट (पुढे पुरी झालेली असेल असे सांगणारे) आणि सब्जंक्टिव्ह (थेट विधान न करता आडून बोलणारे रूप).
- वही. त्यात ‘उबी’साठी एक पान राखून ठेवा आणि भेटलेले प्रत्येक वाक्य पूर्ण उतरवा. सुटा शब्द उतरवून काही हाती लागत नाही.

लिपीबद्दल एक खुलासा. इथे लॅटिन शब्द देवनागरीत, साधारण रोमन काळच्या उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’. कोशात शोधताना अर्थातच रोमन अक्षरे टाका: ‘उबी’ म्हणजे यू-बी-आय, ‘क्वो’ म्हणजे क्यू-यू-ओ.

१. समोरचा शब्द खरेच ‘उबी’ आहे का, ते पाहा

हसू नका, इथे भलेभले घसरतात. नाताळ आणि ईस्टरला पोप जो आशीर्वाद देतात तो ‘उर्बी एत ओर्बी’. त्यात एक ‘र’ आहे. तो ‘उर्ब्स’ म्हणजे शहर या नामाची चतुर्थी: ‘शहराला आणि जगाला’. त्याचा ‘उबी’शी काही संबंध नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ‘क्वो’पासून सावध राहावे. ‘क्वो’ हे ‘कोणीकडे’ या अर्थाचे क्रियाविशेषण आहे खरे, पण ‘क्वो वारंटो’ या रिटमध्ये, म्हणजे कोर्टाच्या आदेशाच्या नावात, ते नाही. तिथे ते पुढच्या नामाचे विशेषण आहे: ‘कोणत्या अधिकाराने?’ ‘स्टेटस क्वो’ आणि ‘सिने क्वा नॉन’ यांतही ‘क्वो’ आणि ‘क्वा’ ही संबंधी सर्वनामाची रूपे आहेत. शेजारी ज्याला लागू पडेल असे नाम दिसले, की स्थळाचा विचार थोडा लांबणीवर टाका.

२. चौकडी एकदम पाठ करा

‘उबी’ एकटा शिकू नका. त्याची चार जणांची चौकडी आहे:

- उबी: कोणत्या ठिकाणी
- क्वो: कोणत्या ठिकाणाकडे
- उन्दे: कोणत्या ठिकाणाहून
- क्वा: कोणत्या वाटेने

प्रत्येकाला ‘तिथे’ गटातला जोडीदार आहे: इबी, एओ, इन्दे, एआ. ‘इथे’ गटही तसाच: हीक, हूक, हिंक, हाक. असे बारा शब्द आडवे-उभे म्हणता आले पाहिजेत. पाढ्यासारखे म्हणा, लाजू नका.

आता मराठीचा सापळा. ‘तू कुठे आहेस?’ आणि ‘तू कुठे चाललास?’ या दोन्हींत आपण ‘कुठे’च म्हणतो. लॅटिनला ते चालत नाही. पहिल्यात ‘उबी’, दुसऱ्यात ‘क्वो’. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र येशूला विचारतो ते ‘दोमिने, क्वो वादिस?’, म्हणजे ‘प्रभू, कुठे चाललात?’ तिथे ‘उबी वादिस’ लिहिलेत तर अभिजात लॅटिनच्या परीक्षेत गुण गेलेच म्हणून समजा. ‘कुठून’ हा शब्दही असाच दुटप्पी आहे. ‘कुठून आलास?’ याला ‘नाशिकहून’ हे उत्तर चालते आणि ‘मागच्या दाराने’ हेही चालते. लॅटिनमध्ये पहिल्यासाठी ‘उन्दे’, दुसऱ्यासाठी ‘क्वा’.

लॅटिन लिहायची वेळ आली की मनातल्या ‘कुठे’च्या जागी आधी ‘कोणत्या ठिकाणी’ किंवा ‘कोणीकडे’ घालून पाहा. जे बसेल त्यावरून शब्द ठरतो. क्रियापद हालचालीचे आहे का, एवढेच बघून भागत नाही. ‘बागेत फिरतोय’ यात हालचाल आहे, पण प्रश्न ‘उबी’चाच, कारण तो बागेकडे जात नाही, बागेत आहे.

ज्यांना पोर्तुगीज येते, म्हणजे गोव्यात अजूनही पुष्कळ घरांत, त्यांच्यासाठी वेगळा इशारा. पोर्तुगीज ‘ओंद’ म्हणजे ‘कुठे’, पण तो ‘उबी’चा वंशज नाही, तो ‘उन्दे’पासून आला आहे. त्यामुळे लॅटिन ‘उन्दे’ दिसला की जिभेवर ‘कुठे’ येते, आणि वाक्य उलटे होते. ‘उबी’चा खरा वारस फ्रेंच ‘ऊ’. गंमत म्हणजे त्याने ‘क्वो’चे कामही गिळून टाकले आणि तो आपल्या ‘कुठे’सारखा दोन्हीकडे चालू लागला. उत्तरकालीन लॅटिनमध्येच हा भेद सैल होत गेला होता, तेव्हा मध्ययुगीन ग्रंथ वाचताना इतके काटेकोर राहू नका.

३. प्रश्न विचारला आहे का?

शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर सोपे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, ‘उबी’च्या मागे लागणारी षष्ठी. ख्रिस्तपूर्व ६३ मध्ये कट रचणाऱ्या कॅटिलीनविरुद्धच्या पहिल्या भाषणात रोमन वक्ता सिसेरो भर सेनेटमध्ये ओरडतो: ‘ओ दी इम्मोर्तालेस! उबिनाम गेन्तिउम सुमुस?’ ‘गेन्तिउम’ ही ‘गेन्स’ (जमात, लोक) याची षष्ठी अनेकवचनी. शब्दाला शब्द लावून ‘आपण लोकांच्या कुठे आहोत’ असे करू नका. ही षष्ठी फक्त जोर देते, आणि ‘उबिनाम’मधले ‘नाम’ हे शेपूटही त्यासाठीच. ‘अरे देवा, आपण आहोत तरी कुठे?’ यात सगळे आले. ‘उबी तेर्रारुम’ भेटले तर ‘जगाच्या पाठीवर कुठे’ म्हणा. इतका चपखल मेळ क्वचितच बसतो, तो वाया घालवू नका.

दुसरी गोष्ट, पोटात दडलेला प्रश्न. ‘नेस्किओ उबी सित’ म्हणजे ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’. प्रश्नचिन्ह नाही, पण ‘एस्त’च्या जागी ‘सित’ हा सब्जंक्टिव्ह आलेला दिसतो. माहीत असणे, विचारणे, सांगणे अशा क्रियापदानंतर ‘उबी’ आणि सब्जंक्टिव्ह दिसला की ‘कुठे’ घ्या, ‘जिथे’ नको. प्लाउतुसच्या जुन्या नाटकांत हा नियम तितका पाळलेला नाही. तिथे संदर्भावर जा.

४. ‘इबी’ शोधा

प्रश्न नसेल तर डोळे पुढे-मागे फिरवा. ‘इबी’ सापडला की काम झाले: जिथे… तिथे.

कायद्याच्या पहिल्या वर्षाला टॉर्ट्स, म्हणजे दिवाणी अपकृत्ये, या विषयात भेटणारे सूत्र घ्या: ‘उबी युस, इबी रेमेदिउम’. जिथे हक्क, तिथे दाद. दोन्हीकडे क्रियापद नाही, कारण ‘एस्त’ गाळलेले आहे. मराठीतही ‘जिथे धूर तिथे अग्नी’ म्हणताना ‘असतो’ लागत नाही. या सूत्राबरोबर नेहमी येणारा खटला म्हणजे १७०३ चा अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट. एल्सबरीच्या मतदाराला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ दिले नाही. त्याला हवे असलेले उमेदवार तरीही निवडून आले, म्हणजे नुकसान म्हणावे तर काही नाही. तरी हक्क डावलला गेला होता, म्हणून सरन्यायाधीश होल्ट यांनी त्याच्या बाजूने मत दिले. बाकीचे न्यायाधीश विरोधात होते, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने अखेर होल्ट यांचेच मत उचलले. तिथे ‘जिथे’ म्हणजे जमिनीवरची जागा नव्हे, हेही यावरून कळते. ‘उबी’ परिस्थितीलाही चालतो: ‘उबी एआदेम रातिओ, इबी इदेम युस’, जिथे कारण तेच, तिथे कायदाही तोच.

कोर्टात आणि वर्गात मंडळी ‘युबी जस इबी रेमेडियम’ म्हणतात. तिथे तसेच म्हणा. रोमन उच्चाराचा हट्ट धरून तोंडी परीक्षेत काही मिळत नाही.

‘इबी’ नेहमी वाक्याच्या तोंडाशी येतो असे नाही. पवित्र गुरुवारच्या विधीतल्या स्तोत्रात ‘उबी कारितास एत आमोर, देउस इबी एस्त’ असे आहे. ‘देव’ आधी आणि ‘तिथे’ नंतर. कधी ‘इबी’ मुळीच नसतो, नुसता ‘उबी’ भागवून नेतो. आपणही ‘ठेवलेस तिथे बघ’ म्हणताना ‘जिथे’ खातोच की. फरक एवढाच की आपण ‘जिथे’ गाळतो आणि लॅटिन ‘तिथे’ गाळते. अनुवाद करताना ‘तिथे’ आपण भरायचा.

५. प्रश्न नाही, ‘इबी’ नाही: मग ‘जेव्हा’ करून पाहा

खरा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

‘उबी’ वाक्याच्या सुरुवातीला, मागोमाग परफेक्ट इंडिकेटिव्ह (सरळ विधान करणारे रूप), आणि पुढे मुख्य वाक्य अशी मांडणी दिसली, की बहुतेक वेळा अर्थ काळाचा असतो. सीझरच्या युद्धवृत्तांताच्या पहिल्या पुस्तकात हेल्व्हेती नावाच्या जमातीचे लोक देश सोडून निघतात, ख्रिस्तपूर्व ५८ मध्ये. वाक्य असे सुरू होते: ‘उबी याम से आद एआम रेम पारातोस एस्से आर्बित्राती सुन्त’. ‘आर्बित्राती सुन्त’ हा परफेक्ट. ‘आता आपली तयारी झाली असे वाटल्यावर’ त्यांनी आपली सुमारे १२ नगरे आणि ४०० खेडी पेटवून दिली, परतीची आशाच उरू नये म्हणून. इथे ‘जिथे तयारी झाली’ असे केलेत तर जाळपोळ नकाशावर शोधत बसाल.

थोड्या पुढे ‘उबी दे एइउस आद्वेन्तू हेल्वेतीई केर्तिओरेस फाक्ती सुन्त’ येते: सीझर आल्याची खबर लागताच हेल्व्हेतींनी त्याच्याकडे वकील पाठवले. ‘जेव्हा खबर लागली होती तेव्हा’ ही इंग्रजी पुस्तकांतून आलेली रचना आहे. आपल्याकडे ‘-ताच’ आणि ‘-ल्यावर’ असताना ती ओढून आणण्याचे कारण नाही. ‘उबी’बरोबर ‘प्रीमुम’ (‘पहिल्यांदा’) असेल तर ‘-ताच’ नक्की.

आता माझे आवडते वाक्य. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या केटोने शेतीवर लिहिले आहे, आणि शेतमालकाला सुरुवातीलाच असा सल्ला दिला आहे: ‘पातेर फामिलिआस उबी आद विल्लाम वेनित, उबी लारेम फामिलिआरेम सालूतावित, फुन्दुम एओदेम दिए, सी पोतेस्त, किर्कुमेआत.’ दोनदा ‘उबी’, आणि दोन्ही काळाचे. मराठीत: ‘मालक शेतावरच्या घरी आला, घरच्या देवाला नमस्कार झाला, की जमल्यास त्याच दिवशी त्याने शेताला फेरी मारावी.’ त्याच दिवशी नाही जमले तर दुसऱ्या दिवशी तरी, असे तो पुढे म्हणतो. आपला ‘की’ दोन्ही ‘उबी’ एकट्याने सांभाळतो.

यात एक बारीक खोच आहे. ‘वेनित’ लिहिताना वर्तमानकाळ आणि परफेक्ट सारखेच दिसतात. फरक पहिल्या स्वराच्या लांबीचा, आणि ती छापील मजकुरात बहुधा दाखवलेली नसते. मग ठरवायचे कसे? शेजारच्या ‘सालूतावित’कडे पाहा. त्यातला ‘आवि’ परफेक्टची खूण आहे, म्हणून जोडीचा ‘वेनित’ही परफेक्ट. अडलेल्या रूपासाठी शेजारी बघायची ही सवय सगळ्या लॅटिनमध्ये कामाला येते.

भविष्यातली गोष्ट असेल तर ‘उबी’बरोबर फ्यूचर परफेक्ट येतो: ‘उबी वेनेरित, दीकाम’. इंग्रजी व्याकरणातून शिकणारा ‘तो आलेला असेल तेव्हा’ वगैरे करतो. आपण म्हणतो ‘तो आला की सांगेन’. उद्याची गोष्ट, पण ‘आला’ भूतकाळी. लॅटिनलाही आधी येणे पुरे व्हायला हवे असते, मग सांगणे. ‘पाऊस थांबला की निघू’ हे वाक्य ज्याच्या तोंडी सहज येते त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

एक सापळा: काळाचा ‘उबी’ आणि ‘जेव्हा’ याच अर्थाने येणारा ‘कुम’ एक नव्हेत. ‘कुम’बरोबर भूतकाळात सब्जंक्टिव्ह आला की ‘असताना’, ‘म्हणून’ अशा छटा येतात. ‘उबी’ साधा आहे, एक झाले की दुसरे. त्यात कारण शोधू नका.

६. दोन्ही बसत असतील तर

असेही होते. रोमन इतिहासकार टॅसिटसने सासरा अ‍ॅग्रिकोला याच्या चरित्रात कॅलेडोनियाच्या (आजच्या स्कॉटलंडमधल्या) कॅल्गॅकस नावाच्या सरदाराच्या तोंडी रोमनांबद्दल जे घातले आहे ते प्रसिद्ध आहे: ‘उबी सोलितूदिनेम फाकिउन्त, पाकेम आप्पेल्लान्त.’ ओसाड करतात आणि त्याला शांतता म्हणतात. जिथे ओसाड करतात? की ओसाड केले की? क्रियापद परफेक्टमध्ये नाही, वर्तमानात आहे, ‘इबी’ही नाही. मी ‘जिथे’ घेतो, कारण ओसाडी ही जागेला येते. तरी ‘ओसाड करून टाकतात आणि त्यालाच शांतता म्हणतात’ असे करून ‘उबी’ मुद्दाम मोघम ठेवला, तर तेही मला पटते. अशा जागी वहीत दोन्ही लिहून पुढे चला. तासभर डोके धरून बसण्यात अर्थ नाही.

७. गोतावळ्याची ओळख

मूळ शब्द पक्का झाला की बाकीचे भराभर लागतात.

‘उबी उबी’ असा दुहेरी आला तर चूक समजू नका. तेरेन्सच्या नाटकात ‘उबी उबी एरित’ आहे: ‘जिथे कुठे असेल’. ‘उबिकुम्क्वे’चाही अर्थ तोच.

‘उबिक्वे’ म्हणजे सर्वत्र. ब्रिटिश तोफखान्याचे आणि इंजिनिअर दलाचे हे ब्रीद. सोबत ‘क्वो फास एत ग्लोरिआ दूकुन्त’, कर्तव्य आणि कीर्ती नेतील तिकडे. दुसऱ्या टप्प्यातला ‘उबी’ आणि ‘क्वो’चा फरक इथे शेजारी-शेजारी पाहायला मिळतो: आहोत सर्वत्र, जातो तिकडे. आपल्या लष्करातही त्याचा माग सापडतो. तोफखान्याचे ब्रीद ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’, आणि ज्या इंजिनिअर दलात खडकीचे बॉम्बे सॅपर्स येतात त्याचे ब्रीद नुसते ‘सर्वत्र’. देवळाली-खडकीकडच्या वाचकांना ‘उबिक्वे’ लक्षात ठेवायला आणखी काही लागू नये. मात्र ‘क्वे’ हे ‘आणि’ अर्थाचे शेपूटही असते, तेव्हा क्वचित ‘आणि जिथे’ असाही अर्थ निघतो. वाक्य तपासा.

‘आलिकुबी’ म्हणजे कुठेतरी, ‘सीकुबी’ म्हणजे कुठे… तर, ‘नेकुबी’ म्हणजे कुठे… नये म्हणून. या तिघांत अचानक ‘क’ कुठून आला? तो मूळचाच आहे. सुट्या ‘उबी’तून गळाला, जोडशब्दांत टिकला. संस्कृतचे ‘क्व’ आणि ‘कुत्र’ त्याच कुळातले, आणि नासदीय सूक्तातल्या ‘किमावरीवः कुह कस्य शर्मन्’ मधला ‘कुह’ही. संस्कृत झालेल्यांनी या धाग्याचा फायदा घ्यावा.

‘आलिबी’ म्हणजे दुसरीकडे. इंग्रजीत आणि आपल्या कोर्टात ते नाम झाले आहे, ‘गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडे होतो’ हा बचाव: ‘प्ली ऑफ अ‍ॅलिबाय’. लॅटिन मजकुरात ते क्रियाविशेषणच राहते, त्याला विभक्ती शोधू नका. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११ मधले उदाहरण अर्थ पक्का करते: गुन्हा कलकत्त्यात झाला, आणि आरोपी त्या दिवशी लाहोरला होता. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ९ झाले आहे. जुने निकाल वाचताना दोन्ही आकडे जवळ ठेवा.

‘इबिदेम’ म्हणजे त्याच ठिकाणी, तळटिपांत ‘इबिड.’ असा आखडलेला दिसतो. ‘उबी सुप्रा’ म्हणजे वर जिथे सांगितले तिथे. प्रबंध मराठीत लिहीत असाल तर ‘इबिड.’ऐवजी सरळ ‘तत्रैव’ वापरा, ते रुळलेले आहे. ‘इबिड.’ आणि ‘तत्रैव’ दोन्हींना एकच अट: लगेच वरची टीप त्याच ग्रंथाची हवी. शेवटच्या फेरीत मधे एखादी नवी टीप घातली, की खालचे सगळे ‘तत्रैव’ पुन्हा तपासा. नाहीतर ते भलत्याच ग्रंथाला जाऊन चिकटतात.